मोठेपणी क्लासिकल गिटार: हे सोपे पीसेस आपल्यासाठीच लिहिलेत

मोठेपणी क्लासिकल गिटार शिकायला घेतली की कधी ना कधी असं वाटतंच की हे सगळं लहानपणी सुरू केलेल्या लोकांचं काम आहे आणि आपण फार उशिरा आलोय. व्हिडिओ उघडला की दहा वर्षांची मुलं भराभर वाजवत असतात आणि आपण अजून मोकळ्या तारा छेडतोय. म्हणून जी गोष्ट कळल्यावर मला स्वतःला फार बरं वाटलं ती आधीच सांगते. आपण नवशिके जे पीसेस वाजवतो ना, त्यातले कितीतरी हौसेने शिकणाऱ्या मोठ्या माणसांना डोळ्यासमोर ठेवूनच लिहिले गेलेत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस आणि व्हिएन्नात गिटारची जबरदस्त हौस पसरली होती. शिकणारे बहुतेक हौशी लोक होते, दिवसभराची कामं आटोपून घरी वाजवणारे, ज्यांना स्टेजवर जायचंच नव्हतं. त्यांना शिकवणारे कोण तर फर्नांडो सोर, फर्दिनांदो कारुल्ली, माउरो जुलियानी, मात्तेओ कार्कासी, म्हणजे त्या काळातले सगळ्यात मोठे गिटारवादक. यांनी अवघड मैफिलीचे पीसेस लिहिले तसेच ढीगभर सोपे पीसेसही लिहिले, कारण त्यांचं पोट त्याच शिकवण्यांवर आणि छापलेल्या पुस्तकांवर चालायचं. कारुल्लीची ओपस २७ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक) ही मेथड, म्हणजे शिकवणीचं पुस्तक, १८१० च्या आसपासची, तिच्यातले छोटे वॉल्ट्झ आणि आन्दान्ते आजही जगभर शिकवले जातात. आणि हा कारुल्ली स्वतः आधी चेलो शिकत होता, गिटारकडे तो नंतर वळला. सोरचं ओपस ६० तर नावातच सांगतं की गिटारच्या अभ्यासाची ही ओळख आहे, त्यातला पहिला धडा एका वेळी एकच स्वर असलेली साधी चाल आहे. पण ती चाल ऐका एकदा. तिला सुरुवात आहे, मध्ये एक वळण आहे, शेवटी ती नीट घरी येते. लहान मुलांना गप्प बसवायला लिहिलेलं ते काहीतरी नाहीये, पूर्ण संगीत आहे, फक्त बोटांना झेपेल इतकंच त्यात घातलंय.

हे एकदा डोक्यात बसलं की शिकण्याची दिशाच बदलते असं मला मनापासून वाटतं. मग आपण सोपा पीस "संपवून" पुढे पळत नाही, तो सुंदर वाजेपर्यंत त्याच्याजवळ थांबतो. मोठ्या माणसाकडे लहान मुलापेक्षा एक गोष्ट नक्की जास्त असते, इतकी वर्षं ऐकलेलं संगीत. आपल्या कानाला चांगलं काय ते आधीच माहीत असतं. हाच कान सुरुवातीला छळतो, कारण बोटं त्याच्या कितीतरी मागे असतात, पण हाच कान कामाला लावला तर सोप्या पीसमध्येही करण्यासारखं इतकं दिसायला लागतं की महिनाभर तो पुरतो.

आता गिटारबद्दल थोडं, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची, रुंद गळ्याची. वरच्या टोकाला, जिथे तारा नट नावाच्या खाचांच्या पट्टीवरून जातात, तिथे रुंदी साधारण ५२ मिलिमीटर असते, आणि बहुतेक क्लासिकल गिटारमध्ये गळा बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बॉडीला मिळतो. तारेची वाजणारी लांबी सर्वसाधारणपणे ६५० मिलिमीटर. वरच्या तीन बारीक तारा साध्या नायलॉनच्या, खालच्या तीन जाड तारांमध्ये आत नायलॉनचे बारीक धागे आणि वरून धातूची तार गुंडाळलेली. आपल्याला हे नेहमीचंच वाटतं, पण नायलॉनच्या तारा आल्या १९४० च्या दशकात. त्याआधी आतड्याच्या तारा असायच्या, युद्धाच्या काळात ते आतडं ऑपरेशनच्या टाक्यांसाठी जायला लागलं आणि तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टीनने प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक सेगोवियाच्या मदतीने नायलॉनच्या तारा तयार केल्या. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका, त्यांचा ताण खूप जास्त असतो आणि ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा बांधायची पट्टी, उखडू शकते, गळा वाकू शकतो.

हात लहान असतील तर ६४० किंवा ६३० मिलिमीटरची गिटार बघा. माझा हात लहान आहे आणि मी ६४० वाजवते, चौथं बोट पोचायला लागलं हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. यात काही कमी घेतल्यासारखं वाटून घ्यायची गरज नाही. सोर आणि कारुल्लीच्या काळातल्या गिटार आजच्यापेक्षा लहानच होत्या. आजचा मोठा आकार पक्का केला तो स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. या तोर्रेसबद्दल मला फार प्रेम आहे, कारण आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो हे दाखवायला त्याने १८६२ मध्ये मागची आणि बाजूची बॉडी चक्क कागदाच्या लगद्याची करून एक गिटार बनवली होती. म्हणून गिटार घेताना वरची फळी अखंड लाकडाची आहे का हे आधी विचारा, मागच्या लाकडाचं चकाकतं पॉलिश नंतर.

बसण्याबद्दल जास्त लिहित नाही, ते कुणी समोर बसून दाखवलं तरच कळतं. हात नसलेली खुर्ची, खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, डावा पाय फूटस्टूलवर, गिटारची कंबर डाव्या मांडीवर, गळा वर तिरका. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी फूटस्टूलऐवजी मांडीवर ठेवायचा सपोर्ट वापरावा, दोन्ही पाय जमिनीवर राहतात आणि कंबर पिळली जात नाही. आणि दुखण्यात फरक करायला शिका. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात, ते चालतं, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. पण मनगट, कोपर, अंगठ्याचं मूळ यात दुखलं तर त्याच क्षणी थांबायचं. मोठ्या माणसाला सहन करायची सवय असते, दात ओठ खाऊन अजून पाच मिनिटं वाजवू असं वाटतं, आणि इथे ती सवय घातक आहे.

आता उजवा हात. मला विचाराल तर क्लासिकल गिटारचं सगळं गुपित उजव्या हातात आहे, आणि नवशिके लोक नेमकं त्याच्याकडेच बघत नाहीत कारण डावा हात जास्त ओरडतो. आमच्या सरांनी सुरुवातीचे कित्येक आठवडे मला फक्त मोकळ्या तारा वाजवायला लावल्या. अंगठा म्हणजे पी, मग आय, एम, ए ही पुढची तीन बोटं, करंगळी जवळजवळ वापरतच नाहीत. एक स्वर वाजवायचा, तो पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा, मग दुसरा. सर म्हणायचे तारेला ओढायचं नाही, बोटाने तिला थोडं आत, फळीच्या दिशेने दाबायचं आणि सोडून द्यायचं. तार बाहेरच्या बाजूला खेचली की आवाज पातळ आणि चापट मारल्यासारखा येतो, आत दाबून सोडली की तोच स्वर भरीव, गोल येतो. हा फरक पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या बोटातून आला ना, तेव्हा मला जे वाटलं ते नंतर अख्खा पीस वाजवूनही क्वचितच वाटलंय. एकच मोकळी तार, पण ती गिटार होती, जी मी इतकी वर्षं रेकॉर्डिंगमध्ये ऐकत होते तीच.

वाजवायच्या दोन पद्धती असतात. आपोयांदो म्हणजे वाजवून झाल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकतं, आणि तिरांदो म्हणजे बोट शेजारच्या तारेला न लागता वरून तळहाताकडे जातं. आपोयांदोने आवाज जाड येतो, एकेरी चालीला चांगला, तिरांदो आर्पेजिओला, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवायला, लागतोच कारण तिथे शेजारच्या तारा वाजत राहायला हव्यात. आधी कुठलं शिकवायचं यावर शिक्षकांमध्ये भरपूर मतभेद आहेत. माझं मत असं की दोन्ही पहिल्यापासून थोडं थोडं करावं, पण जास्त वेळ तिरांदोला द्यावा, आणि त्याचा आवाज आपोयांदोच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा.

जुलियानीचे १२० व्यायाम आहेत उजव्या हातासाठी, ओपस १ मधले, १८१२ मध्ये छापलेले. सगळेच्या सगळे फक्त दोन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) आहेत, सी मेजर आणि जी सेव्हन, म्हणजे डाव्या हाताची चिंता जवळजवळ नाही आणि उजवी बोटं सगळ्या क्रमांनी चालतात. नवशिक्याने पहिले दहा घेतले तरी खूप आहेत. मी त्यातला एखादा रोज घेते आणि वाजवताना तो पोझिशन बदलून ऐकते, म्हणजे ब्रिजजवळ वाजवला की आवाज कडक आणि धातूसारखा, साऊंडहोलच्या वर, गळ्याकडे सरकलं की मऊ. एवढ्या कोरड्या व्यायामात सुद्धा आवाजाचे इतके रंग निघतात की कंटाळा येत नाही, निदान मला तरी येत नाही.

आणि नखं. हा विषय मोठ्या माणसांना फार अडतो कारण आपल्याला कीबोर्ड बडवायचा असतो, भांडी असतात, मुलांची कामं असतात, आणि उजव्या हाताची नखं वाढवून जपायची म्हणजे एक व्यापच होतो. नख आणि बोटाचं मांस दोन्ही एकत्र तारेला लागतात, आधी मांस टेकतं आणि सुटताना नख, असा आजचा सर्वसाधारण प्रकार आहे. पण नखाशिवाय वाजवणं ही सुद्धा मोठी परंपरा आहे हे लक्षात ठेवा. सोर नखाशिवाय वाजवायचा, त्याचा मित्र दियोनिसियो आग्वादो नखाने, आणि दोघांनी मिळून वाजवायला सोरने ओपस ४१ हा ड्युएट लिहिला, ज्याचं नावच दोन मित्र असं आहे. पुढे तारेगा या स्पॅनिश गिटारवादकानेही शेवटच्या काही वर्षांत नखं सोडून दिली. तेव्हा कामामुळे नखं ठेवता येत नसतील तर बिनधास्त मांसाने वाजवा, आवाज लहान येईल पण गोड येईल. ठेवायची असतील तर फार लांब नको, तळहात आपल्याकडे केल्यावर बोटाच्या टोकामागून एक दीड मिलिमीटर दिसलं की पुरे. साधी फाईल वापरून झाली की अगदी बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करायची, कारण नखाच्या कडेला जरा जरी खरखरीतपणा राहिला की तो प्रत्येक स्वरात ऐकू येतो. नख तुटलं तर जीव खाली जातो खरं, पण नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, तोपर्यंत मांसाने वाजवायचं, रियाज थांबवायचा नाही.

डाव्या हातात मुख्य आजार एकच, जास्त जोर. यावर एक सोपा प्रयोग आहे. बोट तारेवर नुसतं ठेवायचं, उजव्या हाताने तार वाजवत राहायची, सुरुवातीला नुसता थप्प असा मुका आवाज येतो, मग हळूहळू दाब वाढवायचा, आधी खरखर येते आणि मग एका क्षणी स्वर स्वच्छ होतो. बस, तितकाच जोर लागतो, आणि तो आपण रोज लावतो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. बोट फ्रेटच्या अगदी लगत मागे असेल तर अजून कमी पुरतो. बारे, म्हणजे पहिल्या बोटाने पाच सहा तारा एकदम दाबायच्या, हे सगळ्यांना राक्षस वाटतं. त्यात अंगठ्याने मागून चिमटा काढण्यापेक्षा हाताचं वजन मागे सोडलं की काम होतं, आणि प्रत्येक वेळी सहाही तारा वाजायला हव्यात असंही नसतं, त्या कॉर्डमध्ये ज्या तारा पहिल्या बोटावर अवलंबून आहेत तेवढ्याच वाजल्या पाहिजेत. हे नीट बघितलं की निम्मी भीती जाते.

नोटेशन वाचायचं की टॅब (तारांच्या ओळींवर फ्रेटचे आकडे लिहिलेले), यावर माझं मत ठाम आहे, नोटेशन शिका. टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, पण कुठला स्वर किती वेळ धरायचा हे साध्या टॅबमध्ये नीट कळत नाही, आणि क्लासिकल गिटारमध्ये सगळी गंमत त्या धरण्यातच आहे. मोठ्या माणसाला नोटेशन दोन तीन महिन्यांत पहिल्या पोझिशनपुरतं, म्हणजे गळ्याच्या पहिल्या चार फ्रेट्सपुरतं, येतं. ज्यांनी कधी तबला किंवा पेटी थोडी केली आहे त्यांना मात्रा मोजायचं आधीच येत असतं, त्यांचं काम आणखी सोपं. अडचण एवढीच की गिटारवर तोच स्वर अनेक ठिकाणी असतो. पहिली तार मोकळी वाजवली की जो ई येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवर पण आहे. पेटीवर एका स्वराला एकच पट्टी. इथे निवड करावी लागते आणि प्रत्येक ठिकाणचा आवाज वेगळा, मोकळ्या तारेचा उजळ, तिसऱ्या तारेवरचा जाडसर आणि उबदार. म्हणून पुस्तकात तारेचे आकडे गोलात दिलेले असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

त्या धरण्याबद्दल आता सविस्तर बोलते, कारण क्लासिकल गिटारच्या प्रेमात मी त्यामुळेच पडले. नोटेशनमध्ये काही स्वरांच्या काड्या वर असतात, काहींच्या खाली. वरच्या काड्या म्हणजे एक आवाज, खालच्या म्हणजे दुसरा. अंगठा खाली एक बास स्वर वाजवतो आणि तो तीन मात्रा चालू राहायला हवा, तेवढ्यात वर बोटं तीन वेगळे स्वर वाजवतात. म्हणजे डाव्या हाताचं जे बोट बासवर आहे ते हलवायचं नाही आणि बाकीची बोटं मात्र चालत राहायची. सुरुवातीला ते बासचं बोट न सांगता उठतं, कारण हाताला वाटतं आपलं काम झालं. ते धरून ठेवलं की अचानक दोन माणसं वाजवताहेत असं ऐकू येतं! एकाच माणसाच्या मांडीवरची एकच लाकडी पेटी, आणि खाली एक जण सावकाश चालतोय, वर दुसरा बोलतोय. रागसंगीत ऐकून वाढलेल्या कानाला ही गोष्ट नवी असते, आपल्याला एका चालीच्या आत खोल जायची सवय, इथे दोन चाली शेजारी शेजारी चालतात आणि दोघींकडे एकदम लक्ष द्यावं लागतं.

यासाठी मी जे करते ते सांगते. पीसमधला वरचा आवाज आधी एकटा वाजवते, चाल म्हणून, तोंडाने गुणगुणत. मग खालचा बास एकटा. मग वरचा वाजवायचा आणि खालचा गुणगुणायचा, आणि हे सगळ्यात अवघड असतं, जमेपर्यंत खूप वेळ जातो. मग दोन्ही एकत्र वाजवायचे. असं केलं की पीस बोटांत जाण्याआधी कानात जातो, आणि मग बोट कुठे अडलं तरी कान पुढचा रस्ता दाखवतो. आणखी एक बाजू म्हणजे थांबवणं. मोकळ्या बास तारा एकदा वाजवल्या की वाजतच राहतात, पुढचा बास स्वर आला तरी मागचा घुमतोय आणि सगळी खिचडी होते. मागचा स्वर अंगठा परत टेकवून बंद करावा लागतो. हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही आणि एकदा लक्षात आलं की आधीचे सगळे पीसेस पुन्हा काढून बसावंसं वाटतं.

रियाजाचा वेळ हा मोठ्या माणसाचा खरा प्रश्न. रोज वीस पंचवीस मिनिटं ही रविवारी एकदम तीन तासांपेक्षा कितीतरी चांगली, कारण बोटांना दोन बसण्यांच्या मधली झोप लागते, काल न जमलेली जागा आज सकाळी आपोआप सुटलेली असते हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता काल न जमलेल्याचं वाईट वाटत नाही. आणि पूर्ण पीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत बसू नये. त्याने सुरुवात चांगली होत जाते, जिथे अडतं ती जागा तशीच राहते. अडलेले दोन मेझर, म्हणजे नोटेशनमधले तालाचे छोटे खंड, काढायचे, नीट बघायचं की अडचण नक्की कुठल्या दोन स्वरांच्या मध्ये आहे, आणि फक्त तो बदल करत राहायचं. मेट्रोनोम लावायचा पण इतका सावकाश की चूक व्हायला जागाच राहू नये. विलंबित ऐकणाऱ्या माणसाला सावकाश लयीची लाज वाटायचं कारणच नाही. सावकाश वाजवताना दोन स्वरांमधली पोकळी ऐकू येते, स्वर तुटतोय का, बोट लवकर उठतंय का, हे सगळं दिसतं.

आता पीसेस निवडायचं. इथे जरा स्पष्ट बोलते कारण मोठेपणी शिकणाऱ्यांचा उत्साह याच वळणावर मोडताना मी पाहिलाय. बहुतेक जण क्लासिकल गिटारकडे येतात ते रोमान्स ऐकून, नार्सिसो येपेसने १९५२ च्या एका फ्रेंच सिनेमात वाजवलेला, किंवा तारेगाचं रेकुएर्दोस दे ला आलांब्रा ऐकून. रोमान्सचे पहिले काही मेझर्स खरंच सोपे आहेत, चाल पहिल्या तारेवर, खाली मोकळ्या तारा, आठवड्यात हाताला लागतात. पण लगेच बारे येतात, आणि दुसऱ्या भागात ई मेजर सुरू झाला की ताणाताणी चालू. मग माणूस पहिल्याच ओळी वर्षभर वाजवत राहतो. रेकुएर्दोसमध्ये तर ट्रेमोलो आहे, अंगठा मग ए, एम, आय, इतकं भराभर की चाल सलग वाहतेय असं वाटावं. ते काही वर्षांनंतरचं काम आहे. त्यांची ओढ असू द्या, ओढ चांगलीच असते, पण रोजच्या रियाजात वेगळं काहीतरी ठेवा.

माझ्या मते क्रम असा की कारुल्लीच्या मेथडमधले छोटे पीसेस आणि सोरचं ओपस ६० इथून सुरुवात करावी. मग सोरचं ओपस ३१ आणि ओपस ३५ मधले सोपे, आणि कार्कासीच्या ओपस ६० मधल्या २५ स्टडीजपैकी (स्टडी म्हणजे सरावासाठी लिहिलेला पीस) काही. त्यातली तिसरी, ए मेजरमधली, मला अतिशय आवडते. आर्पेजिओच्या आत चाल लपलेली आहे, आणि ए बोटाने ती वर काढून बाकीचे स्वर मागे ठेवायचे. हे जमायला लागलं की एका हाताची बोटं वेगवेगळ्या जोराने वाजू शकतात हे शरीराला पहिल्यांदा कळतं. आणि हे सगळं जुनं जुनं वाटायला लागलं की क्युबाच्या लिओ ब्राउवर या संगीतकाराचे साधे एत्युद, म्हणजे स्टडीजच, घ्या. सुरुवातीचे खूप छोटे आहेत, पण त्यात ताल वेगळा, स्वर अनपेक्षित ठिकाणी येतात, कानाला एकदम ताजी हवा लागते. पॅरिसचे दोनशे वर्षांपूर्वीचे वॉल्ट्झ आणि ब्राउवर एकाच आठवड्यात वाजवता येतात, नवशिक्याला इतकी विविधता देणारी वाद्यं फार नसतील.

ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात का? ज्यांना तारखेशिवाय काम होत नाही त्यांनी जरूर द्याव्यात, स्केल्स आणि साइट रीडिंग (न बघितलेलं नोटेशन पहिल्यांदाच वाचून वाजवणं) त्यामुळे होतं. मी देत नाही. मला वर्षभर ठरलेले तीनच पीसेस घासण्यापेक्षा दर महिन्याला एखादा नवीन सोपा पीस वाचायचा असतो, वाचनाचा वेग तसाच वाढतो. दुसऱ्यांसमोर मात्र वाजवा, घरच्या एका माणसासमोर का होईना, कारण एकट्याने वाजवताना थांबून मागे जायची सवय लागते आणि समोर कुणी असलं की पुढे जात राहावं लागतं. कुणीच नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, लगेच नको, लगेच ऐकलं की फक्त चुकाच ऐकू येतात.

शिक्षकाबद्दल एवढंच की असा शोधा जो तुमच्या आवाजाबद्दल बोलतो. किती पीसेस झाले हे मोजणारा नको. ऑनलाइन असला तरी चालेल, फक्त कॅमेरा दोन्ही हात दिसतील असा लावा. आणि महिन्यातून दोनदा जरी भेट झाली तरी निदान पहिलं वर्ष शिक्षक असावाच, कारण मनगटाचा बाक किंवा वर चढलेला खांदा स्वतःला दिसत नाही, आणि मोठ्या माणसाच्या शरीरात लागलेली सवय सुटायला फार वेळ घेते.

तारा बदलायच्या असतील तर धीर ठेवा, नवीन नायलॉन ताणत राहतं आणि काही दिवस गिटार सारखी उतरते, दर पाच मिनिटांनी ट्यून करावी लागते, यात गिटारचा काही दोष नसतो. बास तारा आधी मरतात, त्यांची चमक गेली आणि आवाज थप्प झाला की तेवढ्या तीन बदलल्या तरी चालतं, वरच्या तीन बराच काळ टिकतात. आणि हवा फार कोरडी असेल तर गिटार केसमध्येच ठेवा, लाकूड आकसून फळीला चीर पडू शकते, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असली की ती सुखात असते.

सध्या माझ्या स्टँडवर सोरची ओपस ३५ मधली बावीसावी स्टडी आहे, बी मायनरमधली, जी सेगोवियाने निवडलेल्या सोरच्या वीस स्टडीजमध्ये पाचवी आहे. पहिल्याच मेझरला दुसऱ्या फ्रेटवर बारे आहे आणि बोटं तो धरून ठेवत असतानाच वरची चाल मात्र अगदी शांत, न घाबरता यायला हवी. पहिली आठ मेझर्स आता मला आवडतील अशी वाजतात. मधल्या भागात एका बदलाला बास अजून तुटतो, तिसरं बोट जरा लवकर उठतं, तेवढ्याच दोन स्वरांवर या आठवड्यात काम चाललंय. कुणी ही स्टडी वाजवत असेल तर तिथे कुठलं फिंगरिंग वापरता ते खाली नक्की लिहा, मला करून बघायचंय.